कडू की गोडे? रविवार पेठेतील एका काष्ठौषधी दुकानाचे परीक्षण

इंद्रजव, म्हणजे कुड्याच्या झाडाचे औषधी बी, मागितल्यावर "कडू की गोडे?" असा उलट प्रश्न करणारे दुकान मला बेळगावात फार उशिरा सापडले. त्याआधी कित्येक वर्षे मी निरनिराळ्या बाजारांतून इंद्रजव आणत होते आणि पुडीत जे बांधून मिळेल ते विश्वासाने घरी नेत होते. रविवार पेठेच्या एका आतल्या बोळात, धान्याच्या घाऊक दुकानांच्या मागे, हे काष्ठौषधीचे दुकान आहे. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली. "नाव घालू नका बाई, उद्या लोक मला डॉक्टर समजून येतील," असे ते म्हणाले, आणि या एका वाक्यावरून त्यांच्या दुकानाविषयी लिहावे असे मला अधिकच वाटू लागले.

मी खानापूर तालुक्यात अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. वनस्पतींतील कोणते द्रव्य कोणत्या जंतूवर काम करते याविषयी मला पूर्वीपासून ओढ आहे. काष्ठौषधीच्या दुकानाकडे मी त्याच नजरेने पाहते. पुडीत जे आहे ते खरोखर तीच वनस्पती आहे का, ते कसे वापरावे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे का, आणि त्याने काय होणार नाही हेही तो गिऱ्हाइकाला सांगतो का, हे तीन प्रश्न मी प्रत्येक दुकानात मनाशी ठेवते. या दुकानाने पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाला चांगले उत्तर दिले. दुसऱ्याला बहुतांशी चांगले. काही बाबतींत मात्र माझी नाराजी आहे, ती पुढे सांगते.

इंद्रजवाची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. पांढरा कुडा आणि काळा कुडा ही आपल्याकडची दोन झाडे खानापूरपासून जांबोटी-कणकुंबीपर्यंतच्या रानात भेटतात. दोघांनाही पांढरी फुले येतात आणि दोघांचीही फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो. काळ्या कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात व कोवळेपणी टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, तर पांढऱ्या कुड्याच्या शेंगा टोकाशी सुट्या राहतात. झाडावर दिसणारा हा फरक सुकलेली साल आणि बी पोत्यात येऊन पडल्यावर उरत नाही. आमांशावर आयुर्वेदात वापरतात ती पांढऱ्या कुड्याची साल. त्याचेच बी म्हणजे कडू इंद्रजव. काळ्या कुड्याचे बी म्हणजे गोडे इंद्रजव, आणि त्याची साल पांढऱ्या कुड्याच्या सालीत मिसळणे ही फार जुनी भेसळ आहे. मालकांनी दोन डब्यांतील दोन-दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि चावून पाहायला सांगितले. एक दाणा जिभेला कडूजहर लागणारा होता आणि दुसरा जवळजवळ बेचव. पूर्वी घरी आलेल्या किती पुड्यांत गोडेच होते, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले.

हा भेद केवळ चवीचा नाही. पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसिन नावाचे वनस्पतिद्रव्य (अल्कलॉइड) असते. आमांश घडविणाऱ्या अमीबावर ते परिणाम करते हे प्रयोगशाळेत आणि रुग्णांतही दिसून आले होते. मात्र शुद्ध स्वरूपात पुरेशा मात्रेत दिल्यावर चक्कर, निद्रानाश आणि मानसिक अस्वस्थता असे त्रास होऊ लागले आणि मेट्रोनिडॅझोल हे औषध आल्यावर कोनेसिन मागे पडले. याच आजारासाठी १९१२ मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी इपेकॅक या दक्षिण अमेरिकी वनस्पतीतील एमेटिन टोचून देण्याची पद्धत रूढ केली. ते जंतूवर प्रभावी होते, पण हृदयावर घातक परिणाम करीत असे. वनस्पतीतून आले म्हणून निरुपद्रवी, ही समजूत या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. कोनेसिनची कहाणी मात्र तेथेच संपलेली नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू औषध पेशीबाहेर उपसून टाकणारे पंप वापरतो, आणि कोनेसिन अशा एका पंपाला अडथळा करते असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. जंतूला थेट मारण्याऐवजी त्याचे संरक्षण काढून घ्यायचे आणि जुन्या प्रतिजैविकाला पुन्हा वाट करून द्यायची, या विचारामुळे मला कुड्याकडे आज नव्या आदराने पाहावेसे वाटते.

हाच पंपाचा विषय दारुहळदीच्या डब्यापाशी पुन्हा निघाला. दुकानातील प्रत्येक डब्यावर मराठी आणि कन्नड अशी दोन्ही नावे लिहिलेली आहेत. वरवर पाहता ही सीमाभागातील नेहमीची सोय आहे, पण औषधी वनस्पतींच्या बाबतीत तिच्यामुळे घोटाळाही होतो. उत्तरेकडे दारुहळद म्हणजे हिमालयातील काटेरी झुडूप, बर्बेरिस. दक्षिणेकडे त्याच नावाने जे पिवळे लाकूड विकले जाते ते पुष्कळदा गुळवेलीच्या कुळातील एका मोठ्या वेलीचे, म्हणजे कॉसिनियमचे असते, ज्याला कन्नडमध्ये मरदरिशिन म्हणतात. बेळगाव हे दोन्ही व्यापारांच्या वाटेवरचे गाव असल्याने येथे दोन्ही लाकडे येतात. दोन्हींत बर्बेरीन हे पिवळे द्रव्य असल्याने दोन्हींचे तुकडे पाण्याला पिवळे करतात, तेव्हा घरच्या घरी रंग पाहून खात्री होत नाही. मालकांनी लाकडाचा आडवा काप दाखवून फरक समजावण्याचा प्रयत्न केला, पण डब्यात दोन्हींची सरमिसळ झाली आहे हेही प्रामाणिकपणे कबूल केले.

बर्बेरीन प्रयोगशाळेत अनेक जिवाणूंची वाढ रोखते. पुळ्या आणि गळवे करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र नॉर-ए नावाच्या पंपाने ते बाहेर फेकतो. अमेरिकेतील संशोधकांना २००० साली असे आढळले की बर्बेरिसच्या एका जातीत बर्बेरीनबरोबरच दुसरे एक द्रव्य असते, ज्यात स्वतःची जंतुनाशक शक्ती जवळजवळ नाही, पण जे हाच पंप बंद पाडते. झाडाने हल्ल्याचे हत्यार आणि दार उघडे ठेवणारी पाचर अशी दोन्ही तयार ठेवलेली असावीत, ही कल्पना मी निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षी मुलांना शिकविली तेव्हा वर्गात पूर्ण शांतता पसरली होती. तरीही या शोधावरून दारुहळदीचा काढा रक्तातील जंतुसंसर्ग बरा करील असे कोणी म्हणू लागले तर ते चुकीचे ठरेल. ४०० मिलिग्रॅम बर्बेरीन तोंडाने घेतल्यावर रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये त्याचे प्रमाण नॅनोग्रॅमच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही असे मोजमापांत आढळले आहे, आणि जंतूची वाढ रोखण्यासाठी लागणारी मात्रा त्याच्या हजारो पटींनी मोठी असते. जे द्रव्य आतड्यातून रक्तात फारसे जातच नाही ते आतड्यापुरते उपयोगी पडू शकते, आणि तसे झालेही आहे. ढाक्यात झालेल्या आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई. कोलाय या जिवाणूमुळे झालेल्या जुलाबांत बर्बेरीन घेणाऱ्यांचे जुलाब लवकर कमी झाले, पण पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांत तसा मोठा फायदा दिसला नाही. प्रयोगशाळेतील बशी, आतडे आणि रक्त ही तीन वेगळी ठिकाणे आहेत. एका ठिकाणचा विजय दुसऱ्या ठिकाणी मोजता येत नाही, ही गोष्ट औषधी वनस्पतींविषयी बोलताना सर्वांत जास्त विसरली जाते.

या दुकानाविषयी माझ्या मनात जो आदर आहे त्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. जांबोटीच्या बाजूला राहणारे माझे मामा क्षयरोगाने आजारी पडले होते. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढू लागले, आणि नेमके तेव्हाच एका आठवडी बाजारातील विक्रेत्याने त्यांना सांगितले की गोळ्या उष्ण पडतात, त्या बंद करून त्याचे चूर्ण तीन महिने घ्यावे. मामांनी ऐकले. क्षयरोगाचे जंतू सावकाश वाढतात, त्यांतील काही सुप्तावस्थेत राहतात, आणि म्हणूनच साधा क्षयरोगही बरा करण्यास सहा महिन्यांचा पूर्ण उपचार लागतो. बरे वाटू लागल्यावर थांबणे म्हणजे सर्वांत चिवट जंतू मागे सोडणे. काही महिन्यांत आजार उलटला. पुन्हा तपासण्या झाल्या, पुन्हा गोळ्या सुरू झाल्या, आणि या सगळ्यात त्या म्हाताऱ्या माणसाची उमेद जवळजवळ संपली. त्या विक्रेत्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मामांचा कफ सुटावा म्हणून अडुळसा आणायला मी प्रथम या दुकानात आले. आजाराचे नाव ऐकताच मालकांचा तराजूवरचा हात थांबला. "मामांच्या गोळ्या चालू हाईत न्हवं? त्या बंद करून अडुळसा घेणार असतील तर मी देत न्हाई," ते म्हणाले. आपला माल विकण्याआधी डॉक्टरांच्या गोळ्यांची चौकशी करणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता. डॉक्टरांना विचारून आल्यावरच त्यांनी पाने दिली, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला हा काढा देऊ नये हेही न विसरता सांगितले. ही सूचना योग्य आहे, कारण अडुळशातील व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकते. याच व्हॅसिसीनच्या धर्तीवर ब्रोमहेक्सिन आणि पुढे अँब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे घडविली गेली, जी आज खोकल्याच्या अनेक बाटल्यांत असतात. अडुळसा कफ सोडवितो, श्वास थोडा मोकळा करतो. क्षयाच्या रुग्णाला त्याचा आधार आहे, पण उपचार मात्र गोळ्यांचाच.

क्षयरोगाशी खरा संबंध जडला तो त्याच फळीवरच्या पिंपळीचा. पिंपळी आणि मिरी यांतील पाइपरीन हे दुसऱ्या औषधाला शरीरात अधिक शोषले जाण्यास आणि अधिक काळ टिकण्यास मदत करते. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेतील संशोधनातून रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड ही क्षयाची औषधे आणि १० मिलिग्रॅम पाइपरीन यांची एक संयुक्त गोळी पुढे आली, जिच्यात रिफाम्पिसिनची मात्रा नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवता आली. सुंठ, मिरी आणि पिंपळी यांच्या त्रिकटू चूर्णात मिरी आणि पिंपळी कशासाठी असावी याचे एक उत्तर मला येथे मिळाले. मात्र हाच गुण धोक्याचाही आहे. फिटांसाठी फेनिटॉइन किंवा दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्या माणसाने रोज पिंपळी खाल्ली तर त्या औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढू शकते. मालकांना हे ठाऊक नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी ते एका जुन्या वहीत लिहून घेतले आणि फेनिटॉइनचा उच्चार मला दोनदा विचारला.

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वापरण्याच्या पद्धतीकडे येते. हे दुकान प्रत्येक पुडीबरोबर तोंडी सूचना देते: साल आणि मुळे उकळून आटवायची, म्हणजे क्वाथ करायचा, कोवळी पाने व फुले गरम पाण्यात टाकून झाकून ठेवायची, म्हणजे फांट, आणि काही द्रव्ये रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळायची, म्हणजे हिम. बहुतेक गिऱ्हाइके हे ऐकून न ऐकल्यासारखे करतात आणि घरी जाऊन सगळेच उकळतात. उकळावे की नाही या एका प्रश्नावर हिवतापाच्या आधुनिक उपचाराचा इतिहास फिरला आहे. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या संशोधनात तू योयो या शास्त्रज्ञ स्त्रीच्या गटाला आर्टेमिसिया अनुआ या वनस्पतीच्या अर्कापासून कधी गुण येई, कधी येत नसे. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याने मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यावा असे लिहिले होते. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. तापविल्याने द्रव्य नष्ट होत असावे असे तू योयो यांच्या मनात आले, त्यांनी कमी तापमानाला उकळणारे इथर वापरले, आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हाती लागले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले होते. ही दोन द्रव्ये औषध म्हणून टिकली याचे कारण ती शुद्ध झाली, त्यांची मात्रा ठरली आणि रुग्णांवर चाचण्या झाल्या. आर्टेमिसियाचा चहा हिवतापासाठी घेण्यास जागतिक आरोग्य संघटना आजही मान्यता देत नाही, कारण कपात द्रव्य किती उतरले हे कोणालाच सांगता येत नाही आणि अपुऱ्या मात्रेने परजीवी अधिक निबर होऊ शकतो.

आपल्याकडे तापात पितात ते किराईत याच कसोटीवर पाहावे लागते. दुकानात काडेचिराईत आणि हिरवे किराईत, ज्याला कन्नडमध्ये नेलबेवू म्हणतात, ही दोन्ही वेगळ्या डब्यांत आहेत. ही दोन अगदी भिन्न कुळांतील झाडे असून त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे त्यांचा कडूपणा. हिरव्या किराईतातील अँड्रोग्राफोलाइडवर साध्या सर्दी-पडशाच्या संदर्भात बरेच काम झाले आहे. परंतु पावसाळ्यातील ताप हिवतापाचा आहे की डेंग्यूचा हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, आणि मालक दोन दिवसांहून जास्त ताप असलेल्या माणसाला किराईताबरोबर रक्त तपासण्याचा आग्रहही बांधून देतात.

गुळवेल येथे ओली मिळते, ही मोठी सोय आहे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. त्यावर टिनोस्पोरा क्रिस्पा या सारख्या दिसणाऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे होते, आणि तो वाद पुष्कळ काळ चालला. खोडावर ठळक उंचवटे असलेली, कापल्यावर दुधाळ स्राव येणारी वेल मालक परत पाठवितात. यकृताचा किंवा स्वप्रतिकारक (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार असलेल्यांनी मात्र योग्य वेल मिळाली तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

कडू कवठाच्या बियांचे तेलही येथे एका काचेच्या बरणीत आहे. १९१५ च्या सुमारास हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने याच प्रकारच्या तेलापासून टोचता येईल असे औषध तयार केले आणि सल्फोन औषधे येईपर्यंत कुष्ठरोग्यांना त्याचाच आधार होता. आज कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. मालक हे तेल फक्त कातडीच्या खाजेसाठी, तेही बाहेरून लावायला देतात.

आता तक्रारी. तयार चूर्णांच्या पाकिटांवर दळल्याची तारीख नाही. आमच्याकडचा पाऊस आणि दमट हवा पाहता दळलेल्या मालाला बुरशी लागण्याचा धोका साबूत मालापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून मी जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथून चूर्ण घेत नाही, साबूत माल आणून घरी कुटते. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. सगळ्यांत खटकणारी गोष्ट म्हणजे दर्शनी भिंतीवर एका घाऊक पुरवठादाराने दिलेला फलक होता, ज्यावर क्षयापासून टायफॉइडपर्यंतचे आजार बरे करणाऱ्या पुडीची जाहिरात होती. अशा आजारांवरील जादुई उपायांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जो माणूस गोळ्या बंद करणाऱ्याला अडुळसाही देत नाही, त्याच्या भिंतीवर हा फलक कसा, असे मी विचारले. पुरवठादार दरवर्षी नवा लावून जातो, असे उत्तर मिळाले. पुढच्या वेळी गेले तेव्हा तेथे दिनदर्शिका लटकत होती.

माल कोठून येतो, याचे उत्तरही मला पुरेसे मिळाले नाही. भीमगडच्या परिसरातील रानाला एखाद्या झाडाच्या मागणीने काय होते हे आम्ही नरक्या या झाडाच्या वेळी पाहिले आहे. त्यातील कॅम्प्टोथेसिन कर्करोगाच्या औषधांसाठी हवे झाले आणि सह्याद्रीत ठिकठिकाणी झाडे मुळापासून तोडली गेली. कॉसिनियमची वेलही अशीच दुर्मीळ होत चालली आहे. साल काढताना झाडाच्या भोवती पूर्ण वलय घेतले की झाड मरते, तेव्हा साल कोणी व कशी काढली हे दुकानदाराने विचारावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. याच शहरात नेहरूनगरला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. वनस्पतीची ओळख पटविणारी माणसे बेळगावातच असताना पेठेतील डबे आणि ती प्रयोगशाळा यांची गाठ पडू नये, याची मला मनापासून खंत वाटते.

शेवटच्या भेटीत मी प्रत्येक डब्यासाठी एक चिठ्ठी लिहून देण्याची तयारी दाखविली: मराठी नाव, कन्नड नाव, शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग, कोठून आणि कोणत्या महिन्यात आला. मालक लगेच तयार झाले. दर शनिवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हा आम्ही बसतो, ते डबा उघडतात, मी वास घेऊन, चाखून, भिंग लावून लिहिते, आणि शंका असेल ती चिठ्ठी बाजूला ठेवतो. आतापर्यंत बावीस डबे झाले. कडू इंद्रजव आणि गोडे इंद्रजव यांच्या चिठ्ठ्या सर्वांत आधी लागल्या. दारुहळदीची चिठ्ठी मात्र अजून कोरी आहे, कारण त्या डब्यातील दोन लाकडे वेगळी केल्याशिवाय तिच्यावर नाव लिहू द्यायला मालक तयार नाहीत.